‘तीनशे सात’चा हट्ट

गोंदियाहून कोहमाऱ्याकडे जाताना वाटेत गोरेगाव लागते. हा धानाचा तालुका. आषाढात बांध्यांत पाणी साचते आणि त्याबरोबर धुऱ्यांवरचे जुने वादही वर येतात. धुरा कोणी कोरला, पाणी कोणी फोडले, कोणाचे पऱ्हे कोणामुळे बुडाले, असे ते वाद असतात. भांडण पेटले तर हत्यार शोधायला कुठे जावे लागत नाही. फावडे, काठी, इळा, कुऱ्हाड सगळे तिथेच असते.

समजा, दोन चुलतभावांच्या अशाच एका भांडणात एकाने फावड्याचा दांडा उगारला, दुसऱ्याची बायको मध्ये पडली आणि घाव तिच्या उजव्या हातावर बसला. अंगठ्याचे हाड मोडले. पोलीस ठाण्यात तिच्या माणसांचे पहिले वाक्य काय असेल? “साहेब, डोक्शावरच मारलं न जी, हात आडवा आला म्हणून वाचली. तीनशे सात लावा.” भारतीय दंड संहिता जाऊन १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली, ३०७चे १०९ झाले, पण लोकांच्या तोंडचा आकडा बदललेला नाही. पोलिसांनी जबर दुखापतीचे कलम लावले की गावात बोलणे सुरू होते: पैसे खाल्ले, कलम हलके केले.

हे मत एका गावापुरते नाही. ‘हाफ मर्डर’ हा शब्द त्यातूनच रुळला. हात-पाय किंवा डोळा कायमचा गेला म्हणजे माणूस अर्धा मेला, म्हणून गुन्हा खुनाच्या प्रयत्नाचाच धरला पाहिजे. त्याखालचे कोणतेही कलम म्हणजे पीडिताची फसवणूक, असे हे मत सांगते. मला ते चुकीचे वाटते. ज्याच्या कळवळ्यापोटी ते मांडले जाते, त्या जखमी माणसाचेच त्याने नुकसान होते. कसे ते दाखवण्यासाठी हा लेख.

आधी पूर्वपक्ष, त्याच्या पूर्ण ताकदीनिशी. त्याचे तीन आधार आहेत. पहिला जामिनाचा. जबर दुखापतीचे साधे कलम, म्हणजे जुने ३२५ आणि आताचे ११७(२), दखलपात्र असले तरी जामीनपात्र आहे. आरोपी त्याच संध्याकाळी घरी येतो आणि फिर्यादीच्या दारावरून ताठ मानेने जातो. ३०७ अजामीनपात्र, खटला सत्र न्यायालयात. दुसरा आधार शिक्षेचा. ११७(२)खाली सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे, पण खटला कोणत्याही न्यायदंडाधिकाऱ्यापुढे चालू शकतो आणि प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्याला तीन वर्षांपेक्षा जास्त कैद देता येत नाही. शिवाय न्यायालयाच्या परवानगीने या गुन्ह्यात आपसमेळ होऊ शकतो आणि गावात आपसमेळ म्हणजे बहुतेकदा दबाव. तिसरा आधार नैतिक आहे: ज्याचे दोन्ही डोळे गेले त्याच्या आयुष्याचे काय उरले? मारणाऱ्याने जीवच घेतला, फक्त श्वास ठेवला.

या तिन्हींत खरे दुःख आहे. पहिले दोन आधार तर पुष्कळ काळ वस्तुस्थितीला धरूनच होते. तरीही त्यातून काढलेला निष्कर्ष चुकतो.

मुळात खुनाचा प्रयत्न आणि जबर दुखापत ही एकाच मापपट्टीवरची खालची-वरची खूण नाही. त्या दोन वेगळ्या पट्ट्या आहेत. एक मारणाऱ्याचे मन मोजते, दुसरी मार खाणाऱ्याचे शरीर. खुनाच्या प्रयत्नाचे कलम विचारते, की या कृतीने मरण आले असते तर तो खून ठरावा, असा हेतू किंवा अशी जाणीव मारणाऱ्याला होती का? जखम किती झाली हा तिथे पुराव्याचा एक धागा आहे, गुन्ह्याचा गाभा नाही. नेम धरून झाडलेली गोळी चुकली आणि कोणाला ओरखडाही आला नाही, तरी तो गुन्हा पुरा होतो. महाराष्ट्र राज्य विरुद्ध बलराम बामा पाटील या १९८३च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हेच स्पष्ट केले: या कलमासाठी मरण येण्याजोगी जखम झालीच पाहिजे असे नाही. पण हे तत्त्व दोन्ही बाजूंनी कापते. जखम नसताना कलम लागू शकते, तसे जखम भयंकर असूनही ते न लागणे शक्य असते. रागाच्या भरात मारलेल्या एका ठोशाने डोळा जातो. डोळा जाणे ही अपरिमित हानी आहे, पण तेवढ्यावरून ठोसा मारणाऱ्याच्या मनात खून होता असे सिद्ध होत नाही.

जबर दुखापतीची पट्टी वेगळी आहे. तिच्यावर आठ खुणा आहेत: पुरुषत्व नष्ट होणे, एका का होईना डोळ्याची दृष्टी कायमची जाणे, एका कानाची श्रवणशक्ती कायमची जाणे, अवयव किंवा सांधा गमावणे, अवयवाची किंवा सांध्याची शक्ती नष्ट होणे किंवा कायमची कमी होणे, डोके वा चेहरा कायमचा विद्रूप होणे, हाड किंवा दात मोडणे वा निखळणे, आणि शेवटी जिवाला धोका करणारी, किंवा ठरावीक दिवस तीव्र वेदना देणारी वा नेहमीचे काम करू न देणारी दुखापत. हे दिवस पूर्वी वीस होते, नव्या संहितेच्या कलम ११६ने पंधरा केले. मेकॉलेच्या आयोगाने १८३७च्या मसुद्यात ही रेषा आखताना प्रांजळपणे मान्य केले होते, की गंभीर आणि किरकोळ दुखापतीत अचूक रेषा काढणे अशक्य आहे. तरी खुनाच्या जवळ जाणारे गुन्हे आणि थट्टेतली धक्काबुक्की एकाच खणात पडू नयेत म्हणून ओबडधोबड का होईना, रेषा हवी. त्या आठ खुणांतल्या पाच-सहांत ‘गमावणे’ किंवा ‘कायमचे’ हा भाव आहे, हे ध्यानात घ्यावे. कायमच्या हानीची नोंद घेण्यासाठी कायद्याने हा खण मुद्दाम केला. आपण मात्र त्याला ‘हलके कलम’ म्हणून लाथाडतो.

‘तीनशे सात लागले म्हणजे न्याय झाला’ या समजुतीचे सर्वांत जड खंडन मुंबईच्या परळमधल्या केईएम रुग्णालयात घडले आहे. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी तिथल्या परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर एका वॉर्डबॉयने हल्ला केला. कुत्र्याच्या साखळीने गळा आवळला, मेंदूचा प्राणवायू तुटला आणि त्या कायमच्या अचेतन अवस्थेत गेल्या. १८ मे २०१५ पर्यंत, सुमारे ४२ वर्षे, केईएमच्या परिचारिकांनी पिढ्यान्‌पिढ्या त्यांना सांभाळले. आरोपीला शिक्षा कशाची झाली? खुनाचा प्रयत्न आणि लूट यांची. म्हणजे लोकांना हवे असते तेच कलम लागले होते आणि त्यात दुखापत झाल्यास जन्मठेपेचीही सोय होती. प्रत्यक्षात सात-सात वर्षांच्या शिक्षा झाल्या आणि त्याही एकत्र भोगायच्या. लैंगिक अत्याचाराचा आरोप तर त्या खटल्यात ठेवलाच गेला नाही. कलमाचा आकडा मोठा होता, पण त्या स्त्रीचे नेमके काय गेले याला त्या आकड्यात जागाच नव्हती. जे कागदावर आले नाही, ते न्यायाच्या तराजूतही आले नाही.

दुसरे उदाहरण हरियाणातले, हरी सिंग विरुद्ध सुखबीर सिंग. गावातल्या मारामारीत एका तरुणाची वाचाशक्ती कायमची खालावली. सत्र न्यायालयाने खुनाच्या प्रयत्नासाठी दोषी धरले. उच्च न्यायालयाने ते कलम उडवले, ३२५ कायम ठेवले, आरोपींना सदाचरणाच्या हमीवर सोडले आणि प्रत्येकी अडीच हजार रुपये भरपाई द्यायला लावली. १९८८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती भरपाई ५०,००० रुपये केली आणि न्यायालयांनी भरपाईचा अधिकार सढळपणे वापरावा असे बजावले. ३०७चा प्रवास पुष्कळदा असाच होतो: मोठ्या आवाजात सुरू होतो आणि हेतू सिद्ध न झाल्याने मधेच कोसळतो. कोसळल्यावर पीडिताच्या हाती उरते ते जबर दुखापतीचे कलम, ज्याचा पुरावा मधल्या वर्षांत कोणी नीट जमवलेलाच नसतो.

आता आमच्या बांधीवरच्या बाईकडे परत येऊ. तिच्या खटल्यात ३०७चा हट्ट धरला, तर सगळी उलटतपासणी एकाच प्रश्नाभोवती फिरेल: घाव डोक्यावर होता की हातावर? दांडा एकदाच उगारला की पुन्हा पुन्हा? साक्षीदार दोन्हीकडचे नातेवाईक. एक घाव, अचानक पेटलेले भांडण, हाताशी आलेले हत्यार. यातून खुनाचा हेतू निःसंशय सिद्ध होणे कठीण. आणि अंगठा? त्याबद्दल पहिल्या दिवशीच्या प्रमाणपत्रातली ‘अस्थिभंग’ ही एक ओळ.

अंगठा म्हणजे काय, हे रोवणीच्या दिवसांत बांधीत उभे राहिल्यावर कळते. बाई कमरेतून वाकलेली असते. डाव्या हातात पऱ्ह्यांची पेंडी. उजव्या हाताचा अंगठा आणि दोन बोटे तिच्यातून मोजकीच रोपे सोडवून घेतात, मुळांना सरळ धरतात आणि चिखलात दाबतात. दाबते ते अंगठ्याचे टोक. हात वर येईपर्यंत अंगठ्याने पुढची रोपे सोडवलेली असतात. दिवसभरात हे किती वेळा होते, ते मोजायला कोणाला उसंत नसते. हा सांधा वाकेनासा झाला की बाई चालते-बोलते, स्वयंपाक करते, सही करते. पण रोवणीच्या ओळीत तिला कोणी उभे करत नाही. हीच ती पाचवी खूण, सांध्याच्या शक्तीची कायमची हानी. हाड जुळते, म्हणून सातव्या खुणेचा अस्थिभंग दोन महिन्यांत इतिहासजमा होतो. पाचव्या खुणेची हानी तिच्याबरोबर जन्मभर राहते. आपण दाखला सातव्या खुणेचा ठेवतो आणि पाचवीचा कोणी मागतही नाही.

नव्या संहितेने इथे मोठा फरक केला आहे आणि लोकमताला त्याची अजून खबर नाही. कलम ११७(३) सांगते: जबर दुखापत करताना अशी इजा केली, की त्या व्यक्तीला कायमचे अपंगत्व आले किंवा ती कायमच्या अचेतन अवस्थेत गेली, तर किमान दहा वर्षे सश्रम कारावास आणि कमाल जन्मठेप, तीही उरलेल्या नैसर्गिक आयुष्यभराची. गुन्हा अजामीनपात्र, खटला सत्र न्यायालयात. याच्या शेजारी १०९, म्हणजे जुने ३०७, ठेवून पाहा. तिथे शिक्षा दहा वर्षांपर्यंत आणि दुखापत झाली असेल तर जन्मठेपेपर्यंत. पण किमान शिक्षा नाही. कायमचे अपंगत्व सिद्ध झाले, तर ज्याला लोक हलके म्हणतात तेच कलम आज किमान शिक्षेच्या बाबतीत खुनाच्या प्रयत्नापेक्षा जड आहे. शिवाय त्यात खुनाचा हेतू सिद्ध करावा लागत नाही. जबर दुखापत होईल हा हेतू किंवा ही जाणीव पुरते. पूर्वपक्षाचे पहिले दोन आधार १ जुलै २०२४ नंतरच्या घटनांपुरते इथेच गळून पडतात. त्याआधीच्या घटनांना जुनी संहिताच लागू राहते, कारण राज्यघटनेच्या अनुच्छेद २० प्रमाणे जड शिक्षा मागे जाऊन लावता येत नाही.

यावर सुज्ञ प्रतिपक्षी विचारेल: पहिल्या दिवशी कोणाला कळते की अंगठा कायमचा गेला? तोवर आरोपी ११७(२)खाली जामिनावर सुटलेला असेल. आक्षेप खरा आहे. त्याचे उत्तर मात्र खोटे मोठे कलम लावण्यात नाही. ते पोलिसांच्याच रोजच्या शब्दात आहे: कलमवाढ. महिन्या-दोन महिन्यांनी फेरतपासणी झाली, हानी कायमची ठरली, की तपास अधिकाऱ्याने ११७(३) वाढवावे. जामिनावर असलेल्या आरोपीवर अधिक गंभीर अजामीनपात्र कलम वाढले, तर न्यायालयाच्या आदेशाने त्याला अटक होऊ शकते, हे सर्वोच्च न्यायालयाने प्रदीप राम विरुद्ध झारखंड राज्य (२०१९) या निकालात सांगितले आहे. आणि जिथे घाव खरोखर जीव घेण्यासाठीच घातलेला दिसतो, तिथे १०९ही लावावे. दोन्ही पट्ट्या एकाच खटल्यात चालतात. एक लावली म्हणून दुसरी फेकून देऊ नये, एवढेच माझे म्हणणे.

तर मग भांडायचे कशासाठी? माझ्या मते ‘कायमचे अपंगत्व’ या दोन शब्दांच्या अर्थासाठी. संहितेने त्यांची व्याख्या केलेली नाही आणि खरा धोका तिथे आहे. सोयीची वाट म्हणून तपास यंत्रणा अपंगत्वाच्या प्रमाणपत्रावरची टक्केवारी पाहू लागेल. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात आरक्षणासारख्या लाभांसाठी ४० टक्क्यांची रेघ आहे. पण शासकीय मोजमापात एक डोळा पूर्ण गेलेला आणि दुसरा चांगला असलेला माणूस ३० टक्क्यांत बसतो. ४०ची रेघ गुन्ह्याला लावली, तर ज्या एका डोळ्याच्या दृष्टीला कायदा १८६० पासून जबर दुखापतीची दुसरी खूण मानत आला, तोच डोळा ११७(३)च्या बाहेर पडेल. नोकरीतील आरक्षण कोणाला द्यायचे आणि कोणाच्या शरीराची किती नासधूस झाली, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. एकाची पट्टी दुसऱ्याला लावणे म्हणजे पायलीने कापड मोजणे.

योग्य पट्टी न्यायालयांनी दुसऱ्या दालनात घडवून ठेवली आहे. मोटार अपघाताच्या भरपाईत राज कुमार विरुद्ध अजय कुमार (२०१०) या निकालाने सांगितले, की डॉक्टरांची टक्केवारी आणि कमाईच्या शक्तीतली घट या निराळ्या गोष्टी आहेत. डावा हात गेला तर वाहनचालक किंवा सुतार जवळपास पूर्ण उठतो, सरकारी कारकुनाची नोकरी मात्र टिकू शकते. हाच विचार फौजदारी न्यायालयात यायला हवा. डॉक्टरांनी सांधा किती अंश वाकतो ते लिहावे. तो सांधा त्या माणसाच्या जगण्यात काय करत होता, हे न्यायालयाने ठरवावे. तसेही प्रमाणपत्रावरच्या ‘साधी’ किंवा ‘गंभीर’ या शेऱ्याने गुन्हा ठरत नाही. ते मत आहे, निर्णय न्यायालयाचा. पंधरा दिवस रुग्णालयात खाटेवर होता, एवढ्यानेही आठवी खूण भरत नाही. वेदना किंवा कामाची असमर्थता दाखवावी लागते.

माझ्या पक्षातली उणीवही सांगितली पाहिजे. वर्गीकरण अजून ओबडधोबडच आहे. ११७(२)च्या खणात मोडलेला दात आणि बधिर झालेला कान शेजारी बसतात. हत्याराचा निकष कधी कधी हानीला झाकून टाकतो: चावून बोट तोडल्याच्या शकील अहमद प्रकरणात (२००४) सर्वोच्च न्यायालयाने माणसाचे दात हे घातक हत्यार नव्हे असे म्हणून घातक हत्याराने केलेल्या जबर दुखापतीच्या जुन्या ३२६चे ३२५ केले. बोट मात्र गेले ते गेलेच. आणि दहा वर्षांची किमान शिक्षा एका घावाच्या भांडणात न्यायाधीशाचा हात आखडायला लावेल, ही भीतीही मला खोटी वाटत नाही. म्हणूनच चिथावणीतून झालेल्या जबर दुखापतीचे १२२(२) हे वेगळे कलम आहे, त्याचा प्रामाणिक वापर व्हावा. पण या उणिवा दुरुस्त होतील त्या शरीराच्या पट्टीवर बारीक खुणा करून. सगळे काही मनाच्या पट्टीवर ढकलून त्या सुटणार नाहीत.

पूर्वपक्षाचा तिसरा, नैतिक आधार राहिला. ‘श्वास तेवढा ठेवला’ हे दुःखाचे वाक्य आहे, मी त्यापुढे मान झुकवतो. पण जखमी माणूस मेलेला नाही. त्याला उद्या उठायचे आहे, खायचे आहे, पोरांची फी भरायची आहे. त्याला अर्धा मेलेला मानणारा कायदा त्याच्या उरलेल्या आयुष्याकडे पाठ फिरवतो. आपल्या जुन्या धर्मशास्त्रात ‘दंडपारुष्य’ या प्रकरणात अवयवागणिक दंड होता. वर्णाप्रमाणे कमी-जास्त होणारी ती विषमता आपण टाकून दिली, ते योग्यच केले. पण त्यात एक शब्द होता तो टाकायला नको होता: समुत्थानव्यय. जखमी पुन्हा उठून उभा राहीपर्यंतचा खर्च मारणाऱ्याकडून वसूल करायचा. आज ती वाट भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३९५ आणि ३९६ मध्ये आहे. ३९६खाली जिल्हा विधी सेवा प्राधिकरणामार्फत भरपाई मिळू शकते आणि आरोपी सुटला तरी पुनर्वसनाची गरज असेल तर न्यायालय तशी शिफारस करू शकते. अंकुश शिवाजी गायकवाड विरुद्ध महाराष्ट्र राज्य (२०१३) या निकालानंतर प्रत्येक फौजदारी प्रकरणात भरपाईचा विचार करणे हे न्यायालयाचे कर्तव्य ठरले आहे. या सगळ्याला आधार लागतो तो हानीच्या नोंदीचा. मारणाऱ्याच्या हेतूवर कितीही वाद जिंकला तरी त्यातून अंगठ्याची किंमत निघत नाही.

म्हणून ठाण्यात गेल्यावर ‘तीनशे सात का नाही?’ हा प्रश्न जरा मागे ठेवावा. आधी विचारावे: फेरतपासणी कधी? क्ष-किरणाची प्रत कुठे आहे? सांधा किती वाकतो, हे तारीख घालून कोणी लिहिले का? जबाबात ती काय काम करते हे आले का, की ‘गृहिणी’ लिहून मोकळे झाले? त्या बाईच्या जबाबात ‘रोवणी’ हा शब्द आला आणि त्याच्या समोर अंगठ्याचे मोजमाप आले, तर ११७(३) आपल्या पायांवर उभे राहते. तो शब्द आला नाही, तर वर कोणतेही कलम लिहा, पुढच्या आषाढात ती धुऱ्यावर बसून दुसऱ्यांची रोवणी पाहत असेल आणि तिचे काय गेले हे सांगणारा एकही कागद न्यायालयात नसेल.